नहर कोसळली ते समयीं देवडीवर जाहलेल्या बोलण्याची हकीकत

श्री जलशायी नारायण साक्ष. राज्यें तरवारीनें राहतात हें बहुतांनीं लिहिलें आहे. एक शहर दाराशीं जाहलेल्या बोलण्यानें राहिलें, तें पुढिलांस ठाऊक असावें म्हणोन जैसें घडलें तैसें लिहितों. शके सोळाशें एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयीं राजधानींतील रयतेस पाणी म्हणजे डोंगरांतून आणिलेली एक नहर, दुसरें नाहीं. तों डोंगरांतील बोगदा ढासळला आणि शहरचे हौद कोरडे पडले आणि लोक रित्या घागरी घेऊन राजवाड्याचे देवडीवर दाद मागावयास आले. रयतेचें ऐकून घेऊन उत्तर द्यावें ऐसी एक जागा देवडीवर पूर्वापार होती. तीवर जे कारकून होते ते जिभेचे तिखट. प्रथम बोलिले कीं, सरकार कांहीं तुमचे पाणके नव्हेत. मग लोक खवळले तेव्हां बोलिले कीं, उदयीक पाणी येईल. उदयीक आलें नाहीं, तेव्हां परवां येईल म्हणाले, आणि ऐसें करितां करितां लोकांचा शब्दावरील भरंवसा उडाला आणि साळी, कुंभार, रंगारी बोचकीं बांधून परराज्यांत जावयास सिद्ध जाहले. मग कारकून दुखण्याचें निमित्त करून घरीं बसले आणि दुसरा कोणी पुढें होईना, तेव्हां ती जागा दर्याबाईंस सांगितली. बाई थोर मनाच्या, एका किल्लेदाराच्या विधवा, बोलणें थोडें.

दिवाण गंगाजीपंत यांणीं बाईंस बोलावून आज्ञा केली कीं, उदयीक पाणी येईल हेंच सांगावें, गर्दी पांगली म्हणजे जाहलें. बाई बोलिल्या, "उद्यां न आलें तर परवां त्यांच्यापुढें मलाच उभें राहणें आहे." ऐसें बोलून देवडीवर न बसतां आधीं डोंगरावर गेल्या आणि पाथरवटांच्या नाईकास पुसिलें कीं, किती दिवस लागतील. नाईक बोलिला कीं, खडक कुजका आहे, कोणीही दिवस सांगेल तो खोटा सांगेल. मग बाई परतल्या आणि देवडीची पायरी उतरून लोकांमध्यें उभ्या राहिल्या.

तेथें सटवोजी रंगारी म्हणोन होता. त्याची तान्ही लेक डबक्याचें पाणी पिऊन तापानें पडली होती. बाईंनीं तोंड उघडावें तों त्याणें धोंडा उचलून मारिला, तो कपाळीं लागून रक्त आलें आणि पहारेकरी भाले घेऊन धांवले. बाईंनीं हात करून त्यांस थांबविलें, पदरानें रक्त टिपलें आणि सटवोजीकडे वळून म्हणाल्या, "तुझें बोलणें राहिलें. काय जाहलें तें सांग." तेव्हां तो सांगूं लागला, आणि बाईंनीं मध्यें शब्द न घालितां अवघें ऐकिलें. त्याचें सरलें तेव्हां त्याचेंच सांगणें त्यास फिरून सांगितलें कीं, लेक तापली आहे, घरांत स्वच्छ पाणी नाहीं, आणि येथें येऊन खोटें ऐकिलें, हेंच ना? तो म्हणाला, हेंच. मग बाई सर्वांस बोलिल्या कीं, बोगदा पडला आहे, खोदणें चालू आहे, पाणी कधीं येईल हें कोणासही ठाऊक नाहीं. वाड्यांतील बारव झऱ्याची, ती भरली आहे. ती उघडणें माझे हातीं नाहीं, महाराजांस विनंती करितें. आणि उद्यां दिवस मावळतां मी येथें येईन, उत्तर असो वा नसो.

मग बाईंनीं महाराजांस अर्ज केला. दिवाणांनीं आडकाठी घातली कीं, बारव उघडली तर रयत नित्य दारीं येईल. महाराज विचार करूं इतकेंच म्हणाले. दुसरा दिवस कलला तरी उत्तर नाहीं. दिवाणांनीं निरोप पाठविला कीं, रित्या हातीं लोकांपुढें जाऊं नये, कपाळाची जखम दुखते ऐसें सांगून पडून राहावें. बाईंच्या मनांत भय नव्हतें ऐसें नाहीं. उंबऱ्यांत क्षणभर थांबल्या हें पाहणारांनीं पाहिलें. मग बाहेर आल्या आणि बोलिल्या, "आज सांगावयास कांहीं नाहीं. विनंती केली, उत्तर आलें नाहीं. उद्यां पुन्हां येतें." मग सटवोजी पुढें जाहला आणि बोलिला, "बाईसाहेब, येथें होय म्हणतां ऐकिलें, नाहीं म्हणतां ऐकिलें. उत्तर नाहीं हें सांगावयास आजवर कोणी पायरी उतरलें नव्हतें." आणि बहुतांनीं ते दिवशीं निघणें रहित केलें. महाराज सज्जांत उभे होते, त्यांणीं हें ऐकिलें आणि दिवाणांस न पुसतां बारवेचा दरवाजा उघडविला. लोक रांगेनें पाणी भरूं लागले.

परंतु सटवोजीची लेक वांचली नाहीं. बाई त्याचे घरीं गेल्या. सरकारची बाजू सांगितली नाहीं, दैवाची गोष्ट काढिली नाहीं. त्याचे स्त्रीपाशीं भुईवर बसल्या, तिणें त्यांचा हात धरिला तो दिवस कलेपर्यंत सोडिला नाहीं, आणि बाई एक शब्दही बोलिल्या नाहींत.

पुढें आषाढाचे सुमारास बोगदा मोकळा होऊन हौदांस पाणी आलें. कांहीं घरें गेलीं तीं गेलींच, बहुत राहिलीं. येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. पाणी पाथरवटांनीं आणिलें, बारव महाराजांनीं उघडिली. तोंवर लोक थांबले ते दर्याबाईंच्या शब्दावर थांबले. इति.