सोळा कोअरचा कोरस

काम कितीही मोठं असो, ते एकच जण करतो. बाकीचे बिल्ला लावून हजर असतात. हा सिद्धांत फक्त मंडळांना लागू आहे, असा माझा समज होता. सोळा कोअरचा, म्हणजे सोळा मेंदूंचा, लॅपटॉप घेतला आणि तो दूर झाला.

मी करी रोडचा बँजोवाला. आमच्या गणपतीच्या आगमनाचं गाणं यंदा मी कॉम्प्युटरवर करायचं ठरलं (ठरवलं मीच). गाणं चाललं तर विसर्जनालाही आमचीच बँजो पार्टी, नाहीतर भोईवाड्याचा डीजे, असं अध्यक्ष बाबुरावांनी जाहीर केलं. छाप पाडायला मी म्हणालो, "सोळा कोअर आहेत, बाबुराव!"

बाबुरावांनी "सोळा कोरस" ऐकलं आणि दरवर्षी कोरसला येणाऱ्या सुभद्राकाकींना नि त्यांच्या गटातल्या बायकांना तात्काळ कळवलं, मशीन आलंय, यंदा आराम करा.

खुलासा करता आला असता. पण खुलासा केला की आपल्याला काही कळत नाही, असं लोकांना कळतं. म्हणून मी स्वतःच सोळा वेळा "मोरया" गायलो. नऊ वेळा सूर लागला नाही; तो लावायला इफेक्ट टाकले, ते झाकायला आणखी इफेक्ट. एकूण तेवीस.

खोताच्या वाडीतल्या टेरेन्सला यातलं कळतं. स्क्रीन बघून तो म्हणाला, "काय मॅन, सगळे इफेक्ट एकाच लायनीत लावलेस? पयल्याचं झाल्याशिवाय दुसरा हात नाय लावत. सगळा लोड एका कोअरवर!"

"आणि बाकीचे पंधरा?"

"बघतायत."

कार्यविभागणी अशी होती: कोअर क्रमांक एक, शंभर टक्के. दोन ते सोळा, उपस्थित.

"वेगवेगळे कर रे, अडकेल."

"सोळा जण आहेत, घेतील सांभाळून," मी म्हणालो. (मंडळात वाढलेला माणूस दुसरं काय बोलणार?)

आगमनाला ट्रकवर लॅपटॉपवरून गाणं, सोबत माझा बँजो. दुसऱ्या कडव्याला कोअर क्रमांक एकने मान टाकली. "मोर-मोर-मोर-मोर-मोर..." पंधरा जण शांत. मी वाजवत राहिलो. ट्रकवरून पळायला जागा नव्हती.

"अरे मेल्या, गाणा अडाकला तुझा!" फुटपाथवरून सुभद्राकाकी ओरडल्या.

तोवर पब्लिक त्याच तालावर उड्या मारायला लागलं होतं. बाबुराव माझ्या कानाशी आले. "हा कुठला इफेक्ट रे?"

"मल्टिकोअर."

विसर्जन आम्हाला मिळालं.

एवढ्या गर्दीत गाणं अडकलंय हे एकट्या काकींना कळलं. तुम्हीही तिथेच होतात, मोबाइल वर धरून. आठवडाभर तो व्हिडिओ तुमच्या स्टेटसला होता. खाली लिहिलं होतंत, "अंगावर काटा."