चालू सर्व्हरमधली दुसरी डिस्क

"कंट्रोलर निवडावा तर मीच!" हे वाक्य मी आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं, की सुईच्या भीतीने डोळे मिटून बसलेले पेशंटही "बरं, बरं" म्हणायचे.

लॅबचा सर्व्हर माझ्याकडे. त्यातल्या चार डिस्कवर सगळ्यांचे रिपोर्ट, आणि त्या चौघींना हाकणारं कार्ड म्हणजे कंट्रोलर. ते निवडायला मला तीन आठवडे लागले. जेवतानाही हातात माहितीपत्रकं! बायको म्हणाली, "मला पसंत करताना अर्धा तासच लागला होता तुला!"

पण निवडला तो असा, की एखादी डिस्क मेली तरी माहिती शाबूत. शिवाय सर्व्हर बंद न करता मेलेली उपसायची, नवी बसवायची!

आठ महिन्यांनी, ऐन सकाळच्या गर्दीत, एक डिस्क खरंच गेली. कंट्रोलर कोकलायला लागला. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. मी लॅबच्या डॉक्टरबाईंना बोलावून आणलं.

"बघाच आता!"

पडद्यावर अक्षरं होती : डिस्क दोन निकामी. मी डावीकडून मोजलं, एक, दोन, आणि दुसरी डिस्क झोकात ओढली.

बाहेरचा प्रिंटर अर्ध्या कागदावर थांबला.

कंट्रोलर शून्यापासून मोजतो हो! त्याची दोन म्हणजे माझी तिसरी. मी धडधाकट डिस्क उपसली होती. चारांतल्या दोन गेल्यावर उरलेल्या दोघी काय करणार? सगळे रिपोर्ट गायब!

तेवढ्यात काउंटरवरच्या मावशी धावत आल्या. "अहो, सकाळी रक्त घेतलेल्या त्या आजोबांना शेजारच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला आत घेतायत. हिमोग्लोबिनचा आकडा कळल्याशिवाय भूल देणार नाहीत. लेक रिपोर्टसाठी बाहेर उभी आहे त्यांची."



"नमुना आहे ना शिल्लक?" डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले. "मी पुन्हा तपासते. तुम्ही तुमचं निस्तरा."

मी जमिनीवर बसून पुस्तिका उघडली. डिस्क परत बसवली. कंट्रोलर तिला ओळखच देईना! पडद्यावर दोन बटणं आली : 'स्वीकारा' आणि 'पुसा'. पुस्तिकेत दोनदा बघून मी 'स्वीकारा' दाबलं.

चार मिनिटं. मी घड्याळाकडे बघत बसलो.

मग प्रिंटर खरखरला. रिपोर्ट परत आले, सगळेच्या सगळे! तोवर डॉक्टरबाईंनी हाताने लिहिलेला आकडा घेऊन आजोबांची लेक निघूनही गेली होती.

"बाई, यंत्राची चूक नव्हती," मी म्हणालो. "मी चुकीची डिस्क ओढली."

त्यांनी हातमोजे काढले.

"कंट्रोलर मात्र तुम्ही खरंच उत्तम निवडलात."

माझी छाती जराशी फुगली.

"तुम्हालासुद्धा पुरून उरला!"