सर्व्हरची स्टेपनी

दापोड्याच्या गोदामात सर्व्हरला एक जादा डिस्क बसवायची, एवढंच काम होतं, आणि ते करायला कॉम्प्युटरवाला विपुल दहा वाजता येणार होता. भूपेशने तोवर फक्त गप्प बसायचं होतं. पण नऊचा चहा झाल्यावर गप्प बसणं त्याला जड जाऊ लागलं.

त्याला कारणही होतं. मुलांचे बूट विकणारी एक मोठी कंपनी आपला सगळा माल त्याच्या गोदामात ठेवायला जवळजवळ तयार झाली होती. अकरा वाजता त्यांच्या रुचिका मॅडम पाहणीला यायच्या होत्या, आणि सर्व्हर बंद पडला तर काय सोय, हा त्यांच्या यादीतला पहिलाच प्रश्न होता. ही कंपनी आली तर गोदाम भरणार, नाही आली तर अर्ध्या गोदामात कबुतरंच राहणार. (कबुतरं आतापासूनच निश्चिंत दिसत होती.)

सर्व्हर म्हणजे बायकोचं राज्य. कोणता खोका कोणत्या रांगेत, हे सगळं मेघालीने त्यात भरलेलं. मुलीला शाळेत सोडायला निघताना तिने बजावलं होतं, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नका." लग्नाला बारा वर्षं झाली, तिने बोलायला हरकत नव्हती, पण हमालांचा मुकादम नवशा समोर उभा असताना? भूपेशला ते चांगलंच लागलं.

विपुलने फोनवर समजावून सांगितलं होतं. चार डिस्क चालू आहेत, पाचवा खण रिकामा आहे, नवी तिथे सरकवायची. ती नुसती बसून राहील आणि चारातली एखादी गेली की तिची जागा घेईल.

"म्हणजे स्टेपनी," भूपेश म्हणाला होता.

"हां, तसंच समजा," विपुल बोलून गेला, आणि तिथेच घात झाला.

भूपेशच्या वडिलांचे तीन ट्रक होते. स्टेपनीतलं त्याला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नव्हतं. नवा टायर स्टेपनीला कोण ठेवतो? नवा चाकाला लागतो आणि झिजलेला स्टेपनीला जातो, हे भिवंडीतला कुठलाही ट्रकवाला सांगेल. कोरी डिस्क बसून खाणार आणि चार वर्षं राबलेल्या डिस्क ओझं ओढणार, हा विपुलचा अडाणीपणा त्याला बघवेना.

"नवशा, यातली जास्त झिजलेली कंची वाटते?"

नवशाने चारही दिवे निरखले. "ही पयली, शेठ. लय लुकलुकते. दम लागलाय तिला."

भूपेशने पहिली ओढून काढली, तिथे नवी घातली आणि जुनी पाचव्या खणात सरकवली. नवीचा दिवा जोरात फडफडू लागला. (ती बिचारी उरलेल्या तिघींकडून काम समजून घेत होती, आणि त्याला तासन्‌तास लागतात.) इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण एक टायर बदलला की बाकीच्यांची जागाही बदलायची असते, पुढचा डावा मागे उजवीकडे. त्याने दुसरी आणि चौथी डिस्क काढून त्यांची अदलाबदल केली.

सगळे दिवे लाल झाले आणि सर्व्हर टीं टीं करत राहिला.

"शेठ," नवशा बाजूला होत म्हणाला, "हा रिव्हर्स घेतोय."

फाटकाबाहेर सहा टेम्पो माल न्यायला उभे होते, आणि कोणता खोका कुठे आहे हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. मानकोलीच्या ज्या वाहतूक कोंडीला भूपेश रोज शिव्या घाली, ती आज दुपारपर्यंत सुटू नये म्हणून त्याने मनोमन नारळ बोलला. त्या दिवशी रस्ता मोकळा होता. अकराच्या मॅडम पावणेदहालाच हजर झाल्या. त्यांच्यामागोमाग विपुल आला आणि विपुलमागून मेघाली.

तिने एकदा सर्व्हरकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"हात लावलात ना?"

"रोटेशन केलं फकस्त," भूपेश पुटपुटला.

तिने पर्समधून एक छोटी डिस्क काढून विपुलला दिली. रोज संध्याकाळी सगळ्या नोंदींची नक्कल उतरवून ती घरी न्यायची तिची सवय होती, आणि इतक्या वर्षांत भूपेशला त्याचा पत्ता नव्हता. विपुलने सर्व्हर नव्याने मांडला, नवी डिस्क निमूटपणे पाचव्या खणात बसवली, नोंदी परत भरल्या. साडेबाराला पहिला टेम्पो सुटला. तोवर रुचिका मॅडम खुर्ची टाकून सगळं बघत बसल्या होत्या.

"सहा गोदामं पाहिली मी," त्या शेवटी म्हणाल्या. "सर्व्हर बंद पडला तरी माल त्याच दिवशी निघेल, असं सगळेच सांगतात. बंद पाडून दाखवणारे तुम्हीच पहिले."

काम मिळालं. भूपेशचा जीव भांड्यात पडला. आपण हे मुद्दामच केलं होतं, असंही तो सांगणार होता. पण मेघालीचा चेहरा बघून तो बेत त्याने रद्द केला.

जाण्याआधी मॅडमनी कंपनीचा एक कागद दिला. दर सोमवारी तो भरून मालकाच्या सहीने पाठवायचा असतो. सर्व्हरला असलेले धोके त्यात छापलेले आहेत: आग, पाणी, उंदीर. खाली मॅडमनी पेनाने चौथी ओळ वाढवली आहे: 'मालक, दहा फुटांच्या बाहेर'. त्या ओळीपुढे भूपेशला स्वतःच्या हाताने बरोबरची खूण करावी लागते. त्याआधी नवशा टेप लावून अंतर मोजतो. गेल्या सोमवारी ते नऊच फूट भरलं, तेव्हा त्याने शेठला खुर्चीसकट फूटभर मागे ओढलं.