राऊतकाकांचा वजनकाटा

बोळिंजला आमच्या इमारतीत राऊतकाकांकडे गेलात, तर भर उन्हाळ्यातही पंखा बंद असतो. "वाऱ्याने काटा हलतो," काका सांगतात. वजन चालू असेल तर आपण श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

काका मूळचे निर्मळचे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या लग्नांचे फोटो काढले. आता निवृत्त झाल्यावर एक ब्लॅक अँड व्हाइट रोल त्यांना स्वतःच्या हाताने, घरीच धुवायचा होता. त्यासाठी केमिकलच्या पावडरी मोजायला काटा हवा होता. स्वस्त, पण खोटं न बोलणारा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून काकांनी मला सोबत घेतलं. मी कॉमर्सला आहे, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

विरारच्या बाजारात काका खिशातून एक सुपारी काढायचे आणि तीच पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवायचे. "सुपारी तीच, तर आकडाही तोच हवा!" स्वयंपाकघरात वापरतात तो काटा ग्रॅमच्या खाली उतरेचना. दुसरा दर वेळी नवीन आकडा सांगे. "हा निवडणुकीला उभा राहील," म्हणत काकांनी तो परत केला.

दुकानदार वैतागला. "काका, सोनं तोलायचंय काय?"

"सोनं चुकलं तर भरून काढता येतं. हे चुकलं तर चेहरा जातो."

शेवटी खिशात मावणारा एक छोटा काटा सुपारीला पुरून उरला.

येताना मी भीतभीत विचारलं, "काका, रोल लॅबमध्ये का देत नाही?"

काका गेटपाशी थांबले. "केमोत तुझ्या काकीचे केस गेले ना. तशीच बसली कॅमेऱ्यासमोर, रुमाल काढून. परक्याने बघायचं नाही, ही अट. पुन्हा बसणार नाही म्हणते."

रविवारी पावडरी मी मोजल्या. काकांनी प्रत्येक आकडा दोनदा वाचून घेतला. मग ते रोल घेऊन अंधार केलेल्या बाथरूममध्ये शिरले. फिल्म धुऊन झाल्याचं कळलं तसा मी चपला घालायला लागलो.

"कुठे चाललास रे?" आतून काकी ओरडली. "तू काय परका?"

काकांनी ओली फिल्म खिडकीशी धरली होती. निगेटिव्हमध्ये उजळ ते काळं दिसतं. काकीचं डोकं काळंभोर दिसत होतं.

"अहो, केस आले की माझे!" काकी हसत सुटली.

"प्रिंट कधी काढायची, काका?" मी विचारलं.

काका फिल्मकडेच बघत होते.

"घाई नाही," ते म्हणाले. "दाट आलेत."