जावयाचं हवामान यंत्र

पुराचं पाणी दोनदा घरात शिरलं की महाडच्या माणसाचा आभाळावर भरवसा उरत नाही. म्हणून सहदेव कारकुनाने हवेचा दाब मोजणारं, भिंतीवरच्या घड्याळाएवढं यंत्र मागवलं. काटा सावकाश उतरला तर पाऊस, झपाट्याने उतरला तर वादळ, एवढं त्याने पाठ केलं. (सोबतचा माहितीचा कागद तसाच खोक्यात राहिला. दिवसभर कागदच वाचणाऱ्याने घरीही कागद वाचायचा म्हणजे काय?)

बायको शर्मिला भातकापणीसाठी माहेरी उमरठला गेली होती. तिला आणायला तो ऑक्टोबरातल्या लख्ख सकाळी मोटारसायकलवर निघाला. सासरी मिरवायला यंत्र पिशवीत घेतलं होतं. महाडला काटा एक हजार दहावर होता. पोलादपूरला चहा पिताना सहज बघितलं, तर एक हजार पाच. अर्धा चहा तसाच टाकून तो उठला.

पुढच्या चढणीत तो वळणावळणाला थांबून बघू लागला आणि काटा प्रत्येक वेळी आणखी खाली. आभाळात ढग औषधालाही नव्हता, त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. उमरठला नऊशे पंच्याऐंशी. हेल्मेटही न काढता तो सासूबाईंकडे धावला.

"आई, मोठं वादळ येतंय. भात आत घ्या."

"ऊन पडलंय की, जावईबापू. वारा बी नाय," गीताबाई म्हणाल्या. पण वर्षाचं भात कापून शेतात पडलं होतं. काट्याकडे बघून त्यांचाही धीर सुटला. त्यांनी हाक दिली, वाडी धावली आणि न वाळलेले भारे पडवीत, पलंगावर, देवघरात जाऊन पडले.

संकट आलं की उंच जागा गाठायची, हे महाडकराच्या अंगात मुरलेलं. सहदेवने सासूबाईंना आणि दोन म्हाताऱ्या शेजारणींना टेकडीवरच्या देवळाकडे पिटाळलं. वर पोचून बघतो तर नऊशे पंच्याहत्तर. आता कोणी वाचत नाही, अशी त्याची खात्री झाली. त्याने देवाला पाच नारळ कबूल केले आणि चक्क रडू लागला.

लांबच्या शेतातून शर्मिला हातात विळा घेऊन धापा टाकत वर आली. ती शाळेत भूगोल शिकवते. तिने आधी यंत्राकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, जितकं उंच जावं तितकी डोक्यावरची हवा कमी होते, म्हणून दाब उतरतो. वादळ आलेलं नाही. तुम्ही चढ चढून आलाय."

वाडीने सगळे भारे पुन्हा शेतात वाहून नेले. सहदेवही मान खाली घालून भारे वाहत राहिला.

आठवड्याने त्याने भीतभीतच फोन केला आणि दिवाळीला येऊ का, असं विचारलं.

"या की, घर तुमचंच हाय," गीताबाई मायेने म्हणाल्या. "फक्त दोन दिस आधी कळवा. तवर आमी भाताची झोडणी उरकून दाणे कणगीत भरून घेतो."