हिंमतभाऊंचा एकट्याचा अल्बम

दूध आणायला चंदेरी बूट घालून जाणारा माणूस अख्ख्या दिग्रसमध्ये एकच. आमचे शेजारी, हिंमतभाऊ राठोड. वय बावन्न, धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचा, डोळ्यांत काजळ आणि अंगात टिकल्यांचं जाकीट. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "भाऊ, सकाळी सकाळी एवढं कायले?"

"वैनी, सूर्य रोज कोणाले विचारून चमकते का?"

गिटारही तशीच, लालभडक. बावीस वर्षं ते लग्नाच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत होते, तेही कायम मागच्या रांगेत. नवरदेवापेक्षा गिटारवालाच उठून दिसतो अशी तक्रार यायची, म्हणून मालक त्यांना ड्रमच्या मागं उभं करायचा.

गेल्या वर्षी भाऊंनी मालकाला सांगितलं, "मी माह्या सोताच्या चालीचा अल्बम काढून राह्यलो."

मालक हसला. "नुसती गिटार कोण ऐकन, हिंमत? गाणारा तर पायजे!"

"माही गिटार गाते," म्हणाले आणि ऑर्केस्ट्रा सोडून घरी आले. त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत.

रेकॉर्डिंग झालं जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये. कापसाचा हंगाम संपलेला, आवाज झकास घुमायचा. वायरी धरायला मी होतो. वर आढ्यात चिमण्या. मी हाकलायला उठलो तर ओरडले, "राहू द्या! त्याही आपल्याच गावच्या आहेत!" आठ चाली झाल्या. प्रत्येक चालीत चिमण्या आहेत.

अल्बम बाहेर आला त्या संध्याकाळी गावातला हॉल गच्च भरला. खरं सांगतो, निम्मे लोक हसायला आले होते. ऑर्केस्ट्राचा मालकही शेवटच्या रांगेत. भाऊ आले ते नखशिखांत चमचमत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. भाऊंनी नमस्कार केला आणि पहिली तार छेडली.

तिसऱ्या चालीला शिट्ट्या थांबल्या. पाचवीला बाया टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. सातवीला सगळा हॉल उभा, आणि "वन्स मोर!" ही पहिली आरोळी शेवटच्या रांगेतून आली. मालक खुर्चीवर चढला होता.

आठवी चाल भाऊंनी वाजवलीच नाही. मला वाटलं, दमले असतील.

हॉल रिकामा झाल्यावर मी वायरी गुंडाळायला लागलो. भाऊंनी पहिल्या रांगेतल्या त्यांच्या याडीला, म्हणजे आईला, हात धरून स्टेजवर आणलं. म्हातारीला कित्येक वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही. भाऊंनी तिचा तळहात स्पीकरवर ठेवला, पाळण्याला झोका देण्याची खूण केली आणि आठवी चाल सुरू केली. ते तिचंच अंगाईगीत होतं.

म्हातारीनं डोळे मिटले. मग एकदम डोळे उघडून त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी रागावली. भाऊ थांबले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हंते, घाई काहून करून राह्यला? पोरगं अजून निजलं नाही."

आणि हिंमतभाऊंनी ती चाल पहिल्यापासून, अगदी सावकाश वाजवायला घेतली.