डागी माल वर

वरूडच्या संत्रा मंडीत एक अलिखित कायदा आहे: पेटीत चकचकीत फळ वर, डागी आणि बारीक खाली. वरची रांग अशी नटवतात की फळांनाच लाज वाटावी. उभ्या मंडीत हा कायदा मोडणारा माणूस एकच, आमचे शेजारी बाबाराव. यांच्या पेटीत डागी माल वर! शिवाय गिऱ्हाइकाला हात धरून दाखवणार, "हा चट्टा. हे पिचकलं. आता खाली हात घाला."

नवखा व्यापारी चट्टा बघूनच पळतो. जुना मात्र यांची पेटी न उघडता उचलतो.

पेटीचा हा नियम बाबारावांनी गावालाही लावला आणि आमचे हाल सुरू झाले. माझ्या शाळेत बदलून आलेल्या शिक्षकाला त्यांनी पहिल्याच चहाला ऐकवलं, "बोअर आटतात. लाईट जाते. नालीचा वास उत्तरेकडून येते, खोली दक्षिणेची घ्या." बिचारा रात्रभर झोपला नाही. खोली मात्र दक्षिणेची घेतली, आणि आता त्याला वरूडमधून हलवून दाखवा!

पण गावाला नावं ठेवायचा हा हक्क फक्त बाबारावांचा. माझ्याकडचा एक पाहुणा सहज म्हणाला, "धूळ फार हो तुमच्याकडे." बाबाराव ताडकन उठले. "काहून जी? तुमी झाडली का कधी? आमी झाडतो, आमी बोलू!"

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी वैशाली नवऱ्याला आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन पुण्याहून आली. जावयाच्या मनात नोकरी सोडून इथंच संत्र्याच्या रसाचा कारखाना टाकायचं होतं. वैशालीचं मन होईना. चार दिवस राहून ती ठरवणार होती. बायको गेल्यापासून बाबाराव एवढ्या मोठ्या घरात एकटे. मी त्यांना बजावलं, "भाऊ, चार दिवस फक्त चांगलं बोला."

"तोंड शिवून घेतो, मास्तर."

दोन दिवस शिवण टिकली. संध्याकाळी लाईट गेली तर म्हणाले, "बरं झालं, गप्पा तरी होतीन."

तिसऱ्या दिवशी मीही जेवायला होतो. वैशालीनं विचारलं, "बाबा, हिला रात्री ताप आला तर?"

बाबारावांनी हातातला घास खाली ठेवला. "रात्री लेकराचा डॉक्टर भेटत नाई. अमरावतीले न्या लागते. रस्ता खराब हाय. उन्हाळ्यात पाण्याचे वांदे. शाळा बरी हाय, लय चांगली नाई."

मी त्यांचा पाय दाबला. ते मोठ्यानं म्हणाले, "पाय काहून दाबून राहिले, मास्तर?"

जावई हसला. "मग बाबा, इथं आहे तरी काय?"

झालं!

"काय हाय? आमचं संत्रं ओसरीत सोला, वास गल्लीभर जाते. अन् त्या वासावर माणूस सरळ आत येते, विचारत नाई. हिची माय गेली तवा तेरा दिवस या घरात चूल पेटली नाई, गल्लीनं जेवू घातलं. डॉक्टर नाई, पण लेकरू तापलं तर गाडी काढाले चार जण उठतात. अन् डॉक्टरही येईन! आमी काय सरकारपाशी उगाच बोंबलून राहिलो?"

वैशालीनं लेकीच्या ताटातला भात कालवायला घेतला. दुसऱ्या दिवशी "कळवतो" म्हणून ती मंडळी गेली.

मी चिडलो होतो. "भाऊ, एकच दिवस उरला होता. खोटं नका बोलू, नुसतं गप्प तर बसायचं!"

"मास्तर, डाग लपवून पोरीले आणली असती, तर रोज तिच्या तोंडाकडं पाहत बसलो असतो, कवा परत जाते म्हणून. आता आली, तर सारं पाहून येईन."

आठवडाभरानं त्यांच्या वरच्या मजल्यावर ठोकाठोक ऐकू आली. जिना चढून गेलो. खोलीला ताजा चुना दिलेला. वायरमन भिंत फोडून दिव्याचं बटण खाली घेत होता. बाबाराव वाकून, भिंतीला तळहात लावून उभे.

"अजून खाली घे. अजून. नात टाचा उचलते, तवा इथवर पोचते."

"फोन आला का वैशालीचा?" मी विचारलं.

"नाई," ते म्हणाले, आणि नखानं ओल्या चुन्यावर खूण केली.